व्याकरणातील तीन प्रश्न आणि वरळीचा कोळीवाडा

इंग्रजीचा शिक्षक कोणत्याही गावात आणि कोणत्याही इयत्तेला शिकवीत असो, काही प्रश्न त्याला चुकत नाहीत. 'वुई' या सर्वनामाचे मराठी 'आम्ही' करायचे की 'आपण'? 'इट्स' लिहिताना अपॉस्ट्रॉफी केव्हा द्यायची आणि केव्हा नाही? 'शॅल' आणि 'विल' या दोन सहायक क्रियापदांत फरक तो कोणता? हे प्रश्न इतक्या वेळा विचारले जातात की त्यांची उत्तरे आपण जवळजवळ यांत्रिकपणे देतो. नियम सांगावा, दोन उदाहरणे फळ्यावर लिहावीत, अपवाद पाठ करून घ्यावेत आणि पुढच्या धड्याकडे वळावे. या नियमांना काही इतिहास असेल, ते कोणी तरी, केव्हा तरी, कोणासाठी तरी घडविले असतील, असा विचार वर्गात क्वचितच होतो. त्याहून क्वचित होतो तो दुसरा विचार: या नियमांवर कोणाचे घर, कोणाचा धंदा अवलंबून असू शकेल काय?

हा दुसरा विचार वरळीच्या कोळीवाड्याकडे पाहिले की टाळता येत नाही. मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी वरळी हे एक. त्याच्या उत्तर टोकाला, माहीमच्या उपसागरात शिरलेल्या भूशिरावर, गोलफादेवीचे देऊळ, सतराव्या शतकातला इंग्रजांचा छोटासा किल्ला आणि त्यांच्या अवतीभोवती दाटीवाटीने उभी असलेली कोळ्यांची घरे असा हा पाडा आहे. इंग्रज येण्यापूर्वीपासून येथे कोळी राहत होते. इंग्रजी सत्ता त्यांच्या दारात प्रथम किल्ल्याच्या रूपाने आली. पुढे १७८४च्या सुमारास हॉर्नबीचा बांध पुरा होऊन वरळी आणि मुंबई यांच्यामधली समुद्राची खाडी बंद झाली. सत्ता गेली तरी तिची भाषा मागे राहिली, ती मुख्यतः कागदावर. आज या पाड्याच्या किनाऱ्याविषयी, घरांविषयी आणि होड्यांच्या वाटेविषयी जे निर्णायक कागद आहेत, त्यांतले बहुतेक इंग्रजीत लिहिलेले आहेत.

असाच एक कागद म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ६ जानेवारी २०११ रोजी काढलेली किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना. तिच्यात बृहन्मुंबईसाठी काही विशेष तरतुदी होत्या. १९८१च्या विकास आराखड्यात अथवा राज्य शासनाच्या अन्य संबंधित नोंदींत दाखविलेल्या कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून ते विशिष्ट वर्गात घोषित करावयाचे, म्हणजे तेथील घरांची बांधणी आणि पुनर्बांधणी स्थानिक नगररचनेच्या नियमांनुसार करता येईल, असा त्यांतल्या एका तरतुदीचा आशय होता. मूळ इंग्रजी वाक्यात यासाठी वापरलेले सहायक क्रियापद होते 'शॅल'. 'मे' नव्हे, 'विल' नव्हे. त्यानंतर कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला, मोजणी आणि हद्दी यांविषयी वाद होत राहिले, आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तर जुन्या अधिसूचनेच्या जागी नवी अधिसूचना आली. 'शॅल' या शब्दाचा अर्थ जर 'केलेच पाहिजे' असा असेल, तर मग झाले काय, असे कोणा कोळ्याच्या मुलाने वर्गात विचारले तर इंग्रजीच्या शिक्षकाने काय सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरेच मागे जावे लागते. जुन्या इंग्रजीत 'शॅल' हे सहायक क्रियापद नव्हतेच. त्याचा मूळ अर्थ 'देणे लागणे', 'ऋण असणे' असा होता. 'विल' म्हणजे 'इच्छिणे'. एकात बंधन, दुसऱ्यात इच्छा. इंग्रजीला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्यय नसल्यामुळे या दोन्ही क्रियापदांना हळूहळू भविष्यकाळाच्या कामाला जुंपण्यात आले आणि त्यांचे मूळ अर्थ झिजत गेले. मराठी वाचकाला यात परके वाटण्याजोगे काही नाही. आपले 'पाहिजे' हे 'पाहणे' या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते 'पाहिजे'. आज ते बोलताना डोळ्यांची आठवणही होत नाही. 'करावे लागते' यातील 'लागणे' हेही असेच एके काळचे स्वतंत्र क्रियापद. सहायक क्रियापदे जन्माने सहायक नसतात, ती झिजून सहायक होतात.

१६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने इंग्रजी भाषेचे एक व्याकरण लिहिले. ते त्याने लॅटिनमध्ये लिहिले, कारण इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परदेशीयांना ते उपयोगी पडावे असा त्याचा हेतू होता. प्रथमपुरुषात 'शॅल' म्हटले तर केवळ भविष्याचे कथन, 'विल' म्हटले तर वचन अथवा निश्चय. द्वितीय आणि तृतीय पुरुषांत याच्या नेमके उलट, म्हणजे 'विल' हे कथन आणि 'शॅल' ही आज्ञा किंवा धमकी, हा आपल्या शाळांतून घोकला गेलेला नियम प्रथम त्याच्या पुस्तकात स्पष्टपणे मांडलेला दिसतो. बोलणारे इंग्रज तो काटेकोरपणे पाळत होते असे मुळीच नाही. पण परक्या माणसाला नियम हवा असतो आणि वॉलिसने तो दिला. पुढे अठराव्या शतकात इंग्रज मुलांच्या शालेय व्याकरणांनीही तो उचलला. बाहेरच्यांसाठी बांधलेली पायरी अशी घरच्यांनाही चढावी लागली.

१७६२ साली रॉबर्ट लोथ यांचे आणि १७९५ साली लिंडले मरे यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. मरे हा जन्माने अमेरिकन आणि पंथाने क्वेकर. इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर त्याने हे पुस्तक तेथील क्वेकर मुलींच्या एका शाळेसाठी लिहिले. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि ब्रिटिश साम्राज्यात जेथे जेथे इंग्रजी शाळा निघाल्या तेथे तेथे ते पोहोचले. मुंबईतही पोहोचले. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकर या तरुणाने वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढे मरेच्या व्याकरणाचा नमुना होता. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा पुढे गौरव झाला त्या दादोबांच्या कर्तृत्वाला यामुळे काही उणेपणा येतो असे नाही. नमुना हाती नसता तर कदाचित पुस्तकच झाले नसते. पण नमुन्याबरोबर त्याचे कप्पेही येतात. शब्दांच्या आठ जाती, काळांची मांडणी, साहाय्यक क्रियापदांचा विचार ही चौकट मराठीत स्थिरावली, आणि ती मराठीला कोठे बसते व कोठे दाटते याची चर्चा कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत आणि पुढे कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांपर्यंत चालूच राहिली.

'शॅल'च्या बाबतीत ही चौकट फारच मौजेची अडचण उभी करते. आपल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितलेले असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'तो नकाशा करील' हा स्वार्थातला भविष्यकाळ, म्हणजे नुसते कथन. 'त्याने नकाशा करावा' हा विध्यर्थ. यात कर्तव्य, योग्यता, अपेक्षा आहे. तृतीयपुरुषी 'शॅल'चा कायद्यातला अर्थ पाहता तो विध्यर्थाच्या, किंबहुना 'केलाच पाहिजे' याच्या बाजूचा आहे. परंतु महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाल्यानंतर जी कायद्याची मराठी घडत गेली, तिने 'शॅल'साठी सामान्यतः 'ईल' प्रत्यय पत्करला. 'असेल', 'करील', 'करण्यात येईल'. कायदा जाणणाऱ्यांना हे संकेताने ठाऊक आहे की येथे 'करील' म्हणजे 'करणे बंधनकारक आहे'. सामान्य वाचकाला तो संकेत ठाऊक नसतो. 'कोळीवाड्याचे सीमांकन करण्यात येईल' हे वाक्य ऐकले की तो एवढेच समजतो की केव्हा तरी सीमांकन होईल. आज्ञेची बातमी झाली, आणि बातमी खोटी ठरली तर कोणाला दोष देता येत नाही.

इंग्रजीत तरी 'शॅल' निःसंदिग्ध आहे काय? तसेही नाही. १९५७ साली उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद ३२० मधील 'शॅल' हा शब्द बंधनकारक नसून निदेशात्मक आहे असा निर्णय दिला. शब्द 'शॅल' आहे एवढ्यावरून तरतूद अनिवार्य ठरत नाही, तिचा हेतू आणि ती न पाळल्याचे परिणामही पाहावे लागतात, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. तेव्हा वर्गातल्या त्या मुलाला प्रामाणिकपणे सांगायचे ते असे, की 'शॅल' म्हणजे ऋण. पण ते वसूल करायला पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जावे लागते.

सहायक क्रियापदाकडून सर्वनामाकडे येऊ. 'करण्यात येईल' या रचनेत सर्वनामच नाही. कोण करणार, हे वाक्य सांगत नाही. कर्ता लपवण्याची ही सोय इंग्रजी कार्यालयीन भाषेतून आपण घेतली आणि तिच्यावर आपला असा ठसा उमटवला की आता ती मूळची आपलीच वाटते. याच्या उलट, जेथे सर्वनाम येते तेथे मराठी इंग्रजीहून अधिक नेमकी आहे. इंग्रजीच्या एका 'वुई'साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', त्याला सामावून 'आपण'. हा भेद गुजरातीतही आहे आणि द्राविड भाषांत तर तो जुना व ठळक आहे. मराठीत तो द्राविड संपर्कामुळे दृढ झाला असे अनेक भाषाभ्यासक मानतात. 'हा मार्ग आपल्या सर्वांसाठी आहे' असे बांधणारा म्हणतो तेव्हा तो कोळ्याला 'आपण'मध्ये ओढून घेतो. 'आमची होडी या खांबांतून कशी जाईल?' असे कोळी विचारतो तेव्हा तो त्या 'आपण'मधून बाहेर पडून स्वतःचा 'आम्ही' उभा करतो. इंग्रजी भाषांतरात दोन्ही ठिकाणी 'वुई' आणि 'अवर' येणार, आणि संघर्ष जेथे होता नेमकी ती जागा पुसली जाणार. विद्यार्थी जेव्हा 'वुई'चे मराठी विचारतो तेव्हा नियम सांगून त्याला वाटेला लावू नये. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे विचारायला त्याला शिकवावे.

'आपण'चे आणखी एक गारूड आहे. आत्मवाचक 'आत्मन्'पासून आलेला हा शब्द आदरार्थी द्वितीयपुरुषाचेही काम करतो. 'आपणांस कळविण्यात येते की' या शासकीय पालुपदातला 'आपण' म्हणजे 'आपण सर्व' नव्हे. तो समोरच्याला मान देतो आणि त्याच मापाने दूर ठेवतो. इंग्रजीने हा मान-अपमानाचा खेळ सतराव्या शतकात जवळजवळ संपवला. 'दाऊ' मागे पडला आणि राजापासून चाकरापर्यंत सर्वांना एकच 'यू' उरला. हे सहजासहजी झाले नाही. क्वेकर मंडळी देवापुढे सर्व समान म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत, आणि त्यापायी त्यांनी मार व तुरुंगवास सोसला. एकवचन-अनेकवचनाचा भेद शिकवण्यासाठी जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६६० साली एक अख्खे पुस्तक काढले. ज्या मरेचे व्याकरण मुंबईच्या शाळेत आले तो याच पंथाचा. एका सर्वनामासाठी तुरुंगात गेलेल्यांचा वंशज आपल्या व्याकरणाचा पितामह आहे, ही गोष्ट सर्वनामाचा धडा शिकवताना सांगण्यासारखी आहे.

तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रश्न कोळीवाड्यात निराळ्या रीतीने बोचतो. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली असा कायदा केला की अधिनियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. तेच तत्त्व आपल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आले आणि आजही आहे. म्हणून कायद्यातला 'ही' हा 'शी'लाही पोटात घेतो. तत्त्वतः यात अन्याय नाही. पण कोळ्यांच्या धंद्याचे रूप पाहा. समुद्रावर जातो तो पुरुष. मासळी निवडणे, वाळवणे, बाजारात नेणे, गिऱ्हाइकाशी भाव करणे आणि घराचा हिशेब सांभाळणे हे सारे कोळिणीकडे. 'फिशरमन' आणि त्याच्या मागे येणारा 'ही' हे शब्द वाचले की डोळ्यांपुढे होडीतला माणूसच येतो, टोपलीपुढे बसलेली बाई येत नाही. कायदा तिला सामावून घेतो, पण मोजणाऱ्याची नजर तिला सोडून जाते. मच्छीमारांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या इंग्रजी नावात 'फिशरमेन' न घालता 'फिशवर्कर्स' हा शब्द घेतला, तेव्हा एका शब्दाच्या बदलाने ती टोपलीपुढची बाई वाक्यात आली. मराठीत हा प्रश्न 'ते' वापरून सुटत नाही, कारण आपले क्रियापदच लिंग सांगते: 'जातो', 'जाते'. आपल्याला 'कोळी आणि कोळिणी' असे दोन्ही शब्द उच्चारावेच लागतात, आणि ते बरेच आहे.

आता राहिला संक्षिप्त रूपांचा प्रश्न. १७१० साली जोनाथन स्विफ्टने 'टॅटलर'मध्ये लिहिलेल्या एका पत्रात शब्द चावून बोलण्या-लिहिण्याच्या नव्या खोडीवर झोड उठवली होती. 'कान्ट', 'शान्ट' यांसारखी रूपे त्याला भाषेच्या नाशाची चिन्हे वाटत. आज तीच रूपे पाठ्यपुस्तकात शिकवली जातात आणि ती न वापरणारा विद्यार्थी पुस्तकी बोलतो म्हणून हसू होते. 'इट्स'ची कथा तर अधिक बोधप्रद आहे. षष्ठीचे 'इट्स' हे सर्वनाम सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले, आणि पुढची दोन शतके अनेक जाणते लेखक ते अपॉस्ट्रॉफी देऊनच लिहीत. आज ज्याला आपण घोर चूक म्हणून लाल रेघ मारतो तीच त्या काळची रीत होती. चूक आणि रीत यांच्यात कित्येकदा एका छापखान्याचेच अंतर असते.

मराठीकडे वळा. 'करतो आहे'चे 'करतोय', 'आलो आहे'चे 'आलोय' ही रूपे आता नाटक-कादंबऱ्यांतून सर्रास येतात. 'नाही' हा शब्दच मुळात 'न' आणि 'आहे' यांचा संकोच आहे. 'नव्हे' हा 'न' आणि 'होय' यांचा. म्हणजे प्रमाण मराठीचा सगळा नकार संक्षिप्त रूपांवर उभा आहे, केवळ ती इतकी जुनी झाली आहेत की त्यांचा सांधा दिसत नाही. कोळी बोलीत 'आहे'चे 'हाय' होते, 'नाही'चे 'नाय' होते. 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न' होतो, 'मला'चे 'मना' होते. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये कोळी बोलीची नोंद झाली, तेव्हा ती एक स्वतंत्र नियम असलेली बोली म्हणून झाली, बिघडलेली मराठी म्हणून नव्हे. शाळेने मात्र तिच्याशी तसा व्यवहार केला नाही. 'नाही'वरून 'नाय' होणे हे 'न' आणि 'आहे' यांचे 'नाही' होण्यासारखेच आहे. त्याच वाटेवरचे एक पाऊल पुढे. पहिल्या पावलाला आपण व्याकरण म्हणतो आणि दुसऱ्याला अशुद्ध. कोळीवाड्यातला मुलगा इंग्रजीच्या तासाला 'डोन्ट' म्हणतो तेव्हा त्याचे कौतुक होते, आणि मराठीच्या तासाला 'नाय' म्हणतो तेव्हा त्याला उभे केले जाते. दोन्ही शब्दांत घडले आहे ते एकच. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा.

ही प्रतिष्ठा अखेर कागदावर उतरते. सागरी किनारा मार्गाच्या परवानग्यांविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांत वरळी कोळीवाड्यातील नाखव्यांची सहकारी सोसायटीही होती. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमनाखालील परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. मग लढा उरला तो खांबांतील अंतराचा. होड्यांच्या वाटेवर दोन खांबांत ६० मीटर अंतर योजले होते. वारा आणि भरती-ओहोटीच्या ओढीत एवढ्या जागेतून होडी सुखरूप नेता येणार नाही, असे कोळी सांगत राहिले. काम अडवले गेले, बैठका झाल्या, आणि अखेर २०२२च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. रस्ता २०२४ साली टप्प्याटप्प्याने वाहतुकीला खुला झाला.

या ६० आणि १२०च्या वादात तज्ज्ञांचे अहवाल इंग्रजीत होते आणि समुद्राचे ज्ञान कोळी बोलीत. अहवालातले वाक्य 'होड्या जाऊ शकतील' असे होते. त्यातले 'शकणे' हे सहायक क्रियापदच वादाचा विषय होते. जाऊ शकतील म्हणजे कोणत्या ऋतूत, कोणत्या वाऱ्यात, कोणाच्या हातून? इंग्रजीचे 'कॅन' हे सांगत नाही. आणि मराठीचे 'शकणे'ही आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागते. कोळ्यांनी ते विचारले, आणि अंतर दुप्पट झाले.

व्याकरणाचा तास यासाठीच असतो असे मला वाटते. 'शॅल' आणि 'विल'चा नियम परीक्षेपुरता सांगून सोडण्याऐवजी, एखादी अधिसूचना वर्गात आणावी आणि तिच्यातली सहायक क्रियापदे मुलांना खुणा करून दाखवायला सांगावीत. त्यांपैकी कोणती आज्ञा, कोणती परवानगी, कोणते नुसते भाकीत, हे त्यांनी ठरवावे, आणि मग प्रत्येक वाक्यापुढे कर्ता लिहावा. जेथे कर्ता सापडणार नाही ती जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागा किती राहिल्या हे मोजून तास संपवावा.